डोलकाठीचे तणावे

गावाच्या वेशीवर जिथे विजेची लाइन संपते किंवा काटकोनात वळते, तिथला खांब एकदा मुलांना दाखवा. मधल्या खांबांना नसलेली एक गोष्ट त्याला असते. वरच्या टोकापासून निघून तिरकी खाली जमिनीत गेलेली जाड तार, तिच्यात मध्येच बसवलेला अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा तुकडा आणि खालच्या टोकाला ती तार घट्ट करण्यासाठी आटे पाडलेली कांब. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंच्या तारा सारख्याच ओढतात, त्यामुळे त्याचे काम फक्त वजन पेलण्याचे. टोकाच्या खांबाला मात्र एकाच बाजूने ओढ बसते. ती तिरकी तार नसेल तर खांब हळूहळू झुकेल. (खांबाच्या या तारेला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे. पाहणे दुरूनच.)

शिडाच्या बोटीची डोलकाठी हा असाच एक खांब आहे, पण त्याची अडचण मोठी आहे. विजेच्या खांबाला ओढ कोणत्या बाजूने बसणार हे कायमचे ठरलेले असते. डोलकाठीला वारा आज डावीकडून ढकलतो, उद्या उजवीकडून, तर कधी मागून. शिवाय ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनच रात्रंदिवस डोलते आहे. म्हणून तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी तारांनी बांधून ठेवावे लागते. या तारा शीड चढवल्या-उतरवल्याने हलत नाहीत, एकदा बांधल्या की जागच्या जागी राहतात. खलाशी त्यांना स्टे आणि श्राउड म्हणतात. स्टे म्हणजे पुढच्या-मागच्या, श्राउड म्हणजे बाजूच्या. आपण सगळ्यांना मिळून ‘तणावे’ म्हणू. तंबूच्या दोऱ्यांसाठी हा शब्द मराठीत आहेच. ‘ताण’ हा शब्द तारेतल्या बलासाठी राखून ठेवू, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

कोकणातल्या जुन्या गलबतांवर आणि मचव्यांवरही तणावे असत, पण तिथली रीत वेगळी. त्रिकोणी शिडाची लांबलचक तिरकी काठी डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यावी लागते. कायमचे तणावे त्या काठीला आडवे आले असते. म्हणून दोर सोडून वाऱ्याच्या बाजूला पुन्हा बांधत. असा दोर दर फेरीला खलाशाच्या हाताखालून जाई आणि झिजला असेल तर लगेच कळे. आजच्या बोटींवरची पोलादी तार वर्षानुवर्षे कुणी सोडत नाही. ती चकचकीत दिसते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी बलांचा हिशेब पाहू. समजा, डोलकाठी १२ मीटर उंच आहे आणि बाजूचा तणावा तिच्या शेंड्यापासून निघून, बुंध्यापासून दीड मीटरवर, बोटीच्या कडेला बांधला आहे. तणाव्याची लांबी साधारण १२.१ मीटर भरेल. वारा शेंड्याला आडवे २०० किलोच्या वजनाइतके ढकलतो आहे. तर तणाव्यात ताण किती? बहुतेक मुले ‘२००’ म्हणतील. पण तणावा जवळजवळ उभा आहे. त्याच्या ताणाचा अगदी थोडा भाग आडव्या दिशेने कामाला येतो, दर १२.१ भागांतला फक्त दीड भाग. म्हणजे २०० किलोचा रेटा तोलायला सुमारे १६०० किलोचा ताण हवा. उरलेला भाग वाया जातो असेही नाही. तो डोलकाठीला खाली दाबतो. दीड टनाहून अधिक वजन शेंड्यावर ठेवल्यासारखी डोलकाठी चेपली जाते.

यावर उपाय म्हणजे तणाव्याचा कोन वाढवणे. बोट रुंद करता येत नाही. मग डोलकाठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना आडवे हात काढतात आणि तणावा त्या हातांच्या टोकांवरून खाली आणतात. या हातांना स्प्रेडर म्हणतात. वरच्या उदाहरणात सहा मीटर उंचीवर १.२ मीटर लांबीचा स्प्रेडर बसवला, तर तणाव्याचा शेंड्याजवळचा कोन सुमारे ७ अंशांवरून ११ अंशांवर जातो आणि ताण १६०० वरून साधारण १००० किलोवर येतो. चार अंशांनी एवढा फरक! वर्गात हे झाडूची काठी, सुतळी आणि कमानीचा काटा घेऊन करून पाहता येते. काठीचा बुंधा एकाने पायाने धरायचा, शेंडा एकाने सारख्या जोराने आडवा ढकलायचा आणि सुतळीचे खालचे टोक काठीपासून आधी जवळ, मग लांब धरून काट्यावरचे आकडे लिहायचे.

आता तार. बहुतेक बोटींवर १९ धाग्यांची पोलादी तार वापरतात. १९ च का? एकसारखी नाणी टेबलावर मांडा. मध्ये एक, त्याला चिकटून सहा बसतात, त्यांच्याभोवती बारा. बेरीज १९. पुढचा थर मांडला तर अठरा लागतील आणि बेरीज ३७ होईल. सारख्या जाडीचे गोल धागे पोकळी न ठेवता रचायचे तर हेच आकडे येतात. विजेच्या खांबाच्या तारेत पहिले दोनच थर असतात. भंगारात पडलेला तुकडा मिळाला तर मुलांना मोजू द्या, सात भरतील. एकच जाड सळई न वापरता अनेक धागे वापरण्याचा फायदा असा, की सळई तुटली की सगळेच संपले. धागे मात्र एकेक करून तुटतात आणि आधी सूचना देतात. अर्थात, ती सूचना कुणी पाहिली तर.

धागे तुटतात कशाने? ओढीने क्वचितच. तणाव्यातला नेहमीचा ताण त्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या एक चतुर्थांशाच्या आत राहील अशी आखणी असते. मग चारपट मजबूत तार तुटावी का? याचे उत्तर ‘थकवा’ या शब्दात आहे. धातूही थकतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला आणि चाकांचे आस कशाने तुटतात हा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले, की एका झटक्यात ज्याने काहीच होणार नाही असा भारही लाखो वेळा उलटसुलट दिला तर धातूला तडा जातो. तडा सुरू होतो केसाहून बारीक, आणि दर हेलकाव्याला किंचित पुढे सरकतो.

याचा ढोबळ प्रयोग वर्गात होतो. बांधकामाची मऊ लोखंडी तार घ्या. एक तुकडा काटकोनात वाकवून सरळ करा, पुन्हा वाकवा. किती वेळांनी तुटतो ते मोजा. दुसरा तुकडा निम्म्याच कोनात वाकवत राहा. वाकवण्याची संख्या दुपटीहून बरीच जास्त भरेल. कोन आणखी कमी केला तर मोजणाऱ्याचा धीर सुटेल, पण तार शेवटी तुटेलच.

समुद्रावर मोजणारा कंटाळत नाही. नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘म्हादेई’ ही गोव्यात बांधलेली शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी परतले. म्हणजे सुमारे १५० दिवस. बोट दर सहा सेकंदांनी एकदा डोलते असे धरू. मिनिटाला दहा, दिवसाला १४,४०० आणि १५० दिवसांत २१ लाख ६० हजार हेलकावे! प्रत्येक हेलकाव्याला वाऱ्याकडचा तणावा ताणला जातो आणि पलीकडचा सैल पडतो. बंदरात उभी असलेली बोटही पूर्ण स्वस्थ नसते. वारा तारांना वीणेसारखा वाजवतच असतो.

थकव्याला खाऱ्या पाण्याची साथ मिळते. तणाव्यांचे पोलाद आपल्या ताट-वाट्यांच्या स्टेनलेस स्टीलचेच भावंड, पण अधिक खानदानी. त्यात क्रोमियम, निकेल यांच्या जोडीला दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते. स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणजे त्याला काहीच होत नाही असे नव्हे. त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा भरून येतो. पण हवा लागली पाहिजे! तार टोकाशी एका पोलादी नळीत घालून यंत्राने दाबून पक्की करतात. या नळीच्या तोंडातून खारे पाणी आत झिरपते आणि साचते. आतला ऑक्सिजन संपतो, थर भरून येत नाही, क्लोराइडचे प्रमाण वाढते, पाणी आम्लधर्मी होते आणि धातू आतून खाल्ला जाऊ लागतो. बाहेरून तार लखलखीत. आपल्या आज्या खारातले लोणचे स्टीलच्या डब्यात न ठेवता चिनी मातीच्या बरणीत का ठेवत, याचे कारण थोडेफार हेच आहे. पावसाचे आणि तुषारांचे पाणी तारेवरून ओघळत खाली येते आणि खालच्या नळीचे तोंड वर असते, पेल्यासारखे. म्हणून वरच्या टोकांपेक्षा खालची टोके आधी खराब होतात. वाकण्याचा त्रासही तिथेच जास्त, कारण लवचीक तार तिथे एकदम ताठ नळीला भेटते. एकूण काय, तणावा मध्यावर सहसा तुटत नाही, टोकाशी तुटतो.

हे लक्षात घेतले की तपासणी कशी करायची हे आपोआप सुचते. पहिले साधन म्हणजे फडक्याचा तुकडा. तो तारेभोवती धरून टोकापर्यंत फिरवायचा. तुटलेल्या धाग्याचे टोक बाहेर आलेले असेल तर फडके अडकते. हात फिरवायचा नाही; ते टोक सुईसारखे घुसते. दुसरे साधन भिंग. नळीच्या तोंडाशी तुटका धागा, नळीवर लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर, किंचित वाकलेली नळी, आतून ओघळलेली गंजाची रेघ, यांपैकी काहीही दिसले तर तो तणावा बाद. एकोणीसातला एकच धागा तुटला तर ताकद पाच टक्क्यांनीच कमी झाली, असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. उरलेल्या अठरांनीही तेवढेच हेलकावे खाल्लेले आहेत आणि आतल्या सात धाग्यांचे काय झाले आहे ते दिसतच नाही.

तारेवर सगळीकडे पसरलेला चहाच्या डागासारखा फिकट तपकिरी रंग मात्र बहुधा वरवरचा असतो. पुसला की जातो. डाग कोठे आहे आणि कोठून आला आहे, हे डागाच्या रंगापेक्षा महत्त्वाचे.

भिंगालाही न दिसणाऱ्या चिरांसाठी एक सुंदर युक्ती आहे. भाग स्वच्छ करून त्यावर पातळ लाल रंग लावतात. केशाकर्षणाने तो चिरेत शिरतो. थोड्या वेळाने वरचा रंग पुसून टाकतात आणि पांढऱ्या भुकटीचा फवारा मारतात. भुकटी टीपकागदासारखी चिरेतला रंग बाहेर ओढते आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. शाळेत हे जुन्या कपबशीवर करता येईल. झिलईला बारीक तडे गेलेला कप घ्या, त्यावर शाई लावा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. डोळ्यांना न दिसणारे जाळे उभे राहील.

यानंतर तणावे जिथे बोटीला जोडलेले असतात त्या पोलादी पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट. या डेकमधून आरपार खाली जातात आणि नेमक्या डेकच्या जाडीत, जिथे नजर पोचत नाही, तिथे ओल धरून सडतात. त्या उपसून काढल्याशिवाय कळत नाही. हे काम कटकटीचे असल्यामुळे पुष्कळ मालक नव्या तारा घालतात आणि पट्ट्या जुन्याच ठेवतात. माझ्या मते ही काटकसर अगदी चुकीच्या जागी आहे. साखळी तिच्या सर्वांत कमजोर कडीइतकीच मजबूत.

मग वर चढायचे. चढणारा कापडी झोपाळ्यात बसतो, एका दोराने त्याला खालचे लोक वर ओढतात आणि दुसरा दोर स्वतंत्रपणे राखीव बांधलेला असतो. हत्यारे दोरीने अंगाला बांधायची, कारण वीस मीटरवरून सुटलेला पाना खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. वर प्रत्येक खीळ, तिची अडसर-पिन, स्प्रेडरची टोके पाहायची. टोकांवर शीड फाटू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेली असते, ती सोडवून पाहायची. तिच्या आत ओल अडकलेली असते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर पोलादी खिळे बसवले असतील तर त्यांच्याभोवती पांढरी पूड दिसते का तेही पाहायचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला विद्युत घटच. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम.

तपासणीत काहीही दोष आढळला नाही तरी दहा-बारा वर्षांनी सगळ्या तारा बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. लांबच्या सफरी करणाऱ्या बोटीला त्याहून लवकर. अनेक विमा कंपन्याही तार जुनी झाली की तज्ज्ञाकडून तपासणी मागतात. थकव्याचे मोजमाप बाहेरून करता येत नाही, म्हणून वयावरून अंदाज बांधायचा, इतकी साधी गोष्ट आहे.

बदलताना डोलकाठी क्रेनने उतरवून आडवी ठेवली तर काम निर्धास्त होते. ते शक्य नसेल तर एका वेळी एकच तणावा सोडायचा आणि त्याच्या जागी शीड चढवण्याचा मजबूत दोर तात्पुरता ताणून बांधायचा. लांबी एका टोकाच्या खिळीच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या खिळीच्या मध्यापर्यंत, तार ताणलेली असताना मोजायची. पडलेल्या तारेचे माप कमी भरते. खालचा ताण-स्क्रू, म्हणजे टर्नबकल, अर्धा उघडा ठेवून माप घ्यायचे, म्हणजे पुढे दोन्हीकडे सोय राहते. तार कापण्यापूर्वी कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, नाहीतर एकोणीस धागे केरसुणीसारखे फिस्कटतात. टोके यंत्राने दाबून घेता येतात किंवा आटे असलेली जोडटोके वापरता येतात. त्यात तारेच्या गाभ्यावर लहानसा शंकू सरकवतात, बाहेरचे बारा धागे त्याच्याभोवती सारखे पसरतात आणि वरून टोपण आवळतात. ओढ जितकी जास्त तितका शंकू घट्ट बसतो. दोन पान्यांनी हे भर समुद्रातही करता येते, म्हणून लांब जाणारे खलाशी अशी टोके आणि तारेचा एक जादा तुकडा जवळ ठेवतात.

शेवटी ताण किती ठेवायचा? यासाठीची एक रीत मला फार आवडते, कारण तिला फक्त मोजपट्टी लागते. तार सैल असताना तिच्यावर दोन मीटरचे अंतर नेमके आखायचे. मग टर्नबकल पिळत जायचे. ते अंतर एक मिलिमीटरने वाढले की तारेत तिच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे पाच टक्के ताण आला. तीन मिलिमीटर म्हणजे पंधरा टक्के, चार म्हणजे वीस. बाजूच्या मुख्य तणाव्यांना साधारण एवढाच ठेवतात. गंमत म्हणजे १९ धाग्यांची तार पाच मिलिमीटर जाडीची असो की दहा, आकडा तोच! असे का, हा प्रश्न अकरावीच्या वर्गाला घालण्याजोगा आहे. जाड तार ताणायला जास्त बल लागते, पण ती तुटायलाही त्याच प्रमाणात जास्त बल लागते. दोन्ही गोष्टी छेदाच्या क्षेत्रफळाशी बांधलेल्या, म्हणून गुणोत्तरात जाडी उरतच नाही. हूकचा नियम पुस्तकातल्या कमानीच्या पलीकडे असा भेटला की मुलांना तो खरा वाटतो.

पिळताना डावी-उजवी आलटून पालटून थोडी थोडी आवळायची आणि डोलकाठीला खालून डोळा लावून ती सरळ आहे ना हे पाहायचे. मग मध्यम वाऱ्यात बोट न्यायची. बोट वीसेक अंश कलली असताना पलीकडचे, सैल बाजूचे तणावे लोंबकळता कामा नयेत. लोंबकळणारी तार प्रत्येक लाटेला झटका खाते, आणि झटका म्हणजे पुन्हा थकवा.

इतके करूनही समुद्रापुढे हमी नाही. २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले. ही बोट गोव्यात बांधलेली होती, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहैली’च्या नमुन्यावर. आणि १९६८-६९ साली एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली बोट ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली होती. त्या शर्यतीत आणखी चार बोटींच्या डोलकाठ्या गेल्या. वाऱ्याचा रेटा तोलण्यासाठी केलेली आखणी बोट उलटल्यावर डोलकाठीवर येणाऱ्या पाण्याच्या माऱ्याला पुरी पडेलच असे नाही. अशा वेळी खलाशाला आपलेच तणावे तोडावे लागतात. मोडकी डोलकाठी तारांनी बोटीला अडकून राहते आणि दर लाटेला तिच्या अंगावर आदळून भोक पाडू शकते. म्हणून दूर जाणाऱ्या बोटीवर तार कापायची मोठी कात्री आणि खिळी ठोकून काढायचा हातोडा हाताशी लागतो. त्या कात्रीच्या पात्यांना गंज चढला नाही ना, हेही तपासणीच्या यादीत असते.